पाळकसाहेब की फादर?

संपादक महाशय,

आमच्या जालन्यात चर्चच्या धर्मगुरूंना प्रोटेस्टंट मंडळी 'पाळकसाहेब' म्हणतात, कॅथलिक 'फादर'. परवा चहा घेताना नातवाने वाद काढला: बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, 23व्या अध्यायात, येशूने पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका असं सांगितलंय ना? सांगितलंय. पण येशूचा प्रेषित पौलही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पहिल्या पत्रात, सुवार्तेमुळे मी तुमचा बाप झालो, असंच लिहितो. मला बाप म्हणायला अडचण नाही. बापाचा हक्क आधी अन् माया नंतर, याची आहे. 2013च्या दुष्काळात आमचे म्हातारे पाळकसाहेब टँकरच्या रांगेत माझ्यामागे उभे राहायचे, हातात स्वतःचा पोचे पडलेला हंडा. नंतर आलेल्यांना लग्नातसुद्धा पुढची खुर्ची लागते. त्यांना मी साहेबच म्हणते.

– एक निवृत्त शिक्षिका, जालना