ओझरच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

मिग-२१ या लढाऊ विमानाचं मॉडेल काल पुरं झालं. स्विच दाबला तसा डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा दिवा लागला आणि पहिली आठवण तुमचीच आली. समोर आलो की मला आभार मानता येत नाहीत, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

सनबोर्ड आणि प्लॅस्टिक शीट कापून १:२४ मापाचं विमान उभं केलं होतं, पण हिरवा एलईडी काही केल्या लागेना. तीन बदलून झाले. तुम्ही वायरिंगवर एकदाच नजर टाकलीत. "प्रवाह आवरणारा रेझिस्टर दोघांना मिळून एकच? लाल दोन व्होल्टला पेटतो, हिरव्याला तीन लागतात. लाल त्याला वर येऊच देत नाही. प्रत्येकाला वेगळा दे." नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ३३० ओहमचे तीन लावले, काम झालं. पंखातून उजेड झिरपायचा, तोही आतून काळा रंग मारायला सांगून तुम्हीच थांबवलात.

पण कॉकपिटचं ऋण मोठं आहे. मी ते करड्या रंगात रंगवलं होतं. तुम्ही म्हणालात, "करडा नाही रे, हिरवट निळा." मग टूथपिकनं पॅनेलच्या मधोमध उभी रेघ ओढून दाखवलीत. "इथली पांढरी पट्टी राहिली. विमान गरगरत खाली यायला लागलं की वैमानिकाला कशाचं भान राहत नाही. विमान चालवायचा दांडा या पट्टीच्या रेषेत आणला की तो मध्यावर आला." किती फोटो पाहिले होते मी, पट्टी कशासाठी असते हे कधी मनातही आलं नव्हतं. ती अर्ध्या मिलिमीटरची पट्टी चौथ्या खेपेला सरळ कापली गेली. डायलवर टाचणीनं पारदर्शक नेलपॉलिशचा एकेक थेंब ठेवलाय. हुबेहूब काच दिसते.

२६ सप्टेंबर २०२५ला हवाई दलानं मिग-२१ला दिलेला चंदीगडचा निरोप समारंभ आपण तुमच्याकडे टीव्हीवर पाहिला. "यातली किती ओझरच्या कारखान्यात आमच्या हाताखालून गेलीत," एवढंच तुम्ही म्हणालात आणि चष्मा पुसत राहिलात. त्याच रात्री ठरवलं, हे विमान तुमच्या घरी राहील.

रविवारी आणतो. नाकावरची नळी धरून लांबी ६५ सेंटिमीटर आहे, कपाट मोजून ठेवा. बॅटरी पोटाखालच्या झाकणातून बदलता येते.

तुमचा,
समोरच्या इमारतीतला