बाबा, सील सुकंच बसवायला सांगा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

ट्रक उभा केला की इंजिनाच्या पुढच्या पुलीखाली ऑइल ठिबकतं आणि मिस्त्री म्हणतोय की पुढचं सील (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणारी कडी) बदलून टाकू, असं बाबा फोनवर म्हणाले. बदलायला हरकत नाही, फार मोठं काम नाही. पण सील स्वस्त म्हणून काम हलकं समजू नका. सील ज्या क्रँकवर, म्हणजे त्या दांड्यावर, घासतं तो भाग आधी नीट बघितला नाही, तर हैदराबादच्या दोन-चार खेपांत पुन्हा तीच बोंब. म्हणून सविस्तर लिहिते. हा कागद मिस्त्रीलाही वाचायला द्या.

आधी गळती कुठली ते पक्कं करा. पंखा वारा मागे ढकलतो, त्यामुळे पुढचं ऑइल मागे उडतं आणि अख्खं इंजिन गळतंय असं वाटतं. पुढचा भाग डिझेलने धुऊन कोरडा करायचा, टाल्कम पावडर मारायची आणि इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचं. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे जिथे पावडर भिजली, तिथून गळती. (आई, बाबा रांगोळी मागतील, देऊ नकोस. ती दगडाची भुकटी असते, सीलच्या ओठात (क्रँकला टेकणाऱ्या आतल्या कडेत) गेली तर क्रँक खाईल.) कधी कधी टाइमिंग कव्हरचं (पुढच्या गियरवरच्या झाकणाचं) पॅकिंग किंवा ऑइल पॅनचा पुढचा कोपरा गळतो आणि नाव सीलचं होतं.

दुसरं, बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनच्या बाजूने खाली गळणारा वायू. ब्रीदरचा (तो वायू बाहेर सोडणारा) पाइप चिखलाने किंवा काजळीने तुंबला की आतला दाब बाहेर पडायला वाट शोधतो, आणि ती सीलमधूनच सापडते. पाइप साफ करा. मग गरम इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण भोकावर नुसतं उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. उडून पडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा तपासा. तशा इंजिनात कितीही भारी सील घाला, टिकणार नाही. ऑइलही काडीवरच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका.

आता खोलायचं. आपल्या २५१५ ट्रकला कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर ६बीटी आहे, त्यामुळे एक सोय आहे: डॅम्पर पुली (क्रँकचे हादरे शोषणारी, रबर बसवलेली) चार बोल्टवर असते, पुलर लावून ओढावी लागत नाही. इंजिन गार हवं, चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडवण) लावलेली हवी, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली हवी. बेल्ट उतरवून पुली काढली की तिचं रबर बघून घ्या. आतल्या आणि बाहेरच्या कड्यावर एकेक रेघ असते; त्या एकमेकींपासून १.५९ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकल्या असतील तर डॅम्परच बदला. सील काढण्याआधी ते कव्हरच्या तोंडापासून किती आत आहे ते व्हर्नियरने चार ठिकाणी मोजून लिहून ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान सील काढतानाच होतं. स्क्रू ड्रायव्हर क्रँकवर टेकवून सील उचकटायचं नाही, एक ओरखडा पडला की तिथूनच ऑइल येणार. सीलच्या तोंडावर समोरासमोर ३ मिलिमीटरची दोन भोकं पाडा. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे चुरा त्याला चिकटतो, आत पडत नाही. ड्रिल पत्र्यातून आरपार झालं की लगेच थांबायचं. मग पत्र्याचे स्क्रू घालून स्लाइड हॅमरने (सरकत्या वजनाने झटका देऊन ओढायचं हत्यार) दोन्हीकडून आलटून पालटून ओढायचं.

मग क्रँकवरून आडवं नख फिरवा. नुसती चकाकती रेघ दिसली तर चालेल. नख अडकलं तर खाच पडली आहे आणि नवीन सीलचा ओठ तिथे बसणार नाही. अशा वेळी क्रँकवर स्लीव्ह (धातूची नळी) घालावी. पातळ स्लीव्हची भिंत जेमतेम ०.२८ मिलिमीटरची असते, त्यावर जुन्याच मापाचं सील चालतं. जाड स्लीव्ह घेतली तर तिच्या जोडीचं मोठ्या व्यासाचं सीलच हवं, ते एकाच किटमधून घ्या.

आता ज्यावरून मिस्त्रीशी वाद होईल ते. जुन्या रबरी सीलला ऑइल लावून बसवायची सगळ्यांना सवय आहे, आणि त्या सीलसाठी ते बरोबरच आहे. हे सील टेफ्लॉनच्या ओठाचं आहे. पहिल्या फेऱ्यांत टेफ्लॉनचा पातळ थर क्रँकवर चढतो आणि सील धरतं. मध्ये ऑइल आलं तर तो थर चढतच नाही. म्हणून क्रँक साफ आणि पूर्ण कोरडा हवा, ओठाला बोटही लावायचं नाही. किटमधली प्लॅस्टिकची टोपी क्रँकच्या नाकावर ठेवून सील तिच्यावरूनच आत सरकवायचं, मग टोपी काढायची. लॉकटाइट २७७ (घट्ट धरून ठेवणारं चिकट द्रव) लावायचं ते फक्त सीलच्या बाहेरच्या कडेला, बारीक रेघेत. ठोकायचं ते किटबरोबरच्या ड्रायव्हरने, वर-खाली-डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं. तिरकं बसलं तर ते वाया गेलं, परत काढून वापरायचं नाही. नवीन आणा.

पुलीचे बोल्ट आधी हाताने, मग बेल्ट, मग बॅरिंग टूलने (इंजिन हाताने फिरवायचं हत्यार) क्रँक धरून टॉर्क रेंचने १२५ न्यूटन-मीटर. जुन्या बेल्टवर ऑइल मुरलं असेल तर तो बदलाच. तो घसरला की पाण्याचा पंप मंद होतो, आणि आपल्याकडच्या ४२-४३ डिग्रीत गाडी तापायला तेवढं पुरतं.

टाइमिंग कव्हर खोलायची वेळ आलीच, तर गियर केसमधली छोटी स्टीलची डॉवेल पिन (भाग जागेवर धरणारी खुंटी) बघायला सांगा. या इंजिनात ती हादऱ्यांनी सैल होऊन गियरमध्ये पडल्याची उदाहरणं बरीच आहेत. पत्र्याची पट्टी लावून ती अडवता येते. नुसत्या सीलसाठी मात्र कव्हर उघडू देऊ नका.

आई, वहीत तारीख, किलोमीटर आणि सीलचा पार्ट नंबर लिहून ठेव, आणि स्लीव्ह घातली असेल तर तेही. पुढच्या वेळी दुकानदाराला तेच सांगायचं. बाबांना गाडीखाली आडवं होऊ देऊ नकोस, पाठ धरली की पंधरा दिवस तुझ्यामागे कटकट. उभ्याने लक्ष ठेवलं तरी पुष्कळ झालं.

तुमची,
मनू