न्यूजमेकर नव्हे, बातमीदार

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार कारंजाजवळ माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, दशक्रिया, भावी नगरसेवक, सगळं एकाच मशिनवर.

६ जानेवारी हा पत्रकार दिन. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ साली याच तारखेला निघालं. त्यानिमित्त एका मंडळाची ऑर्डर आली: आठ बाय चार, वर ठळक ‘न्यूजमेकर्स ऑफ नाशिक’, खाली सत्कारमूर्तींचे फोटो. सत्कारमूर्ती कोण, तर शहरातले बातमीदार. प्रूफ व्हॉट्सॲपला टाकताना मी लिहिलं, शब्द चुकलाय. उत्तर आलं, ‘शूमेकर बूट करतो, तसा न्यूजमेकर बातमी करतो. छापा.’

वरवर बिनतोड! पण इंग्रजीत ‘मेक न्यूज’ म्हणजे बातमी करणं नव्हे, स्वतःच बातमी होणं. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा न्यूजमेकर ती. कडेला वही घेऊन उभा होता तो रिपोर्टर. शब्दात कौतुकही नाही बरं का. मोठा घोटाळा करून पळालेलाही न्यूजमेकरच. आणि मंडळाचा अर्थ धरून चाललं, तर बातमी ‘बनवणारा’ म्हणजे आपल्या भाषेत पदरची रचणारा. शाल-श्रीफळ देऊन असा आरोप करायचा!

(मागे एकाला इतिहासप्रेमी मित्राच्या वाढदिवसाला ‘हिस्ट्रीशीटर’ लिहून हवं होतं. ते मात्र मी छापलं नाही. पोलिसांत नोंद असलेल्या सराईताला तसं म्हणतात, हे सांगितल्यावर तो बराच वेळ हसत होता.)

मंडळाला तरी काय बोलायचं? डिसेंबरअखेर तुमच्याच पानावर ‘वर्षाचे न्यूजमेकर्स’ म्हणून नेते आणि खेळाडू होते, ते अगदी बरोबर. आणि ७ जानेवारीला सत्काराच्या बातमीचा मथळा काय, तर ‘न्यूजमेकर्सचा गौरव’! आठवडाभरात शब्द या बाजूचा त्या बाजूला. तुमचा बातमीदार त्या फोटोत हार घालून उभा आहे, निदान त्याने तरी ‘बातमीदार’ लिहायचं होतं. इतका सुटसुटीत शब्द घरात असताना! इंग्रजीच हवं तर रिपोर्टर आहे, जर्नलिस्ट आहे.

फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला. देवळ्याचा माझा मेहुणा तो टेम्पोत टाकून घेऊन गेला, कांद्यावर झाकायला. काल त्याने फोटो पाठवला. वर ‘न्यूजमेकर्स ऑफ नाशिक’, खाली कांद्याचा ढीग. त्या फोटोत मला चूक काढता आली नाही.

आपला,
फ्लेक्स छापणारा एक वाचक, नाशिक