बेळगावला एक पार्सल पाठवलं की जीएसटी नंबर लागतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात ऑनलाइन विक्रेत्यांवरचा लेख वाचला. एकूण सूर असा की घरबसल्या विकणारे सगळे टॅक्स बुडवतात. काही बुडवत असतील, नाही म्हणत नाही, पण मी स्वतः चारेक वर्षं तान्ह्या बाळांची झबली-टोपडी आणि दुपटी शिवून ऑनलाइन विकतेय आणि माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणींना आपण नियम मोडतोय हेच माहीत नसतं. मलाही नव्हतं.

आमच्या विक्रेत्या मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणी नवीन आली की पहिलं उत्तर ठरलेलं, "अगं ४० लाखांपर्यंत काही लागत नाही." हे अर्धंच खरं आहे. वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर लागत नाही ही मर्यादा मालाला आहे, सर्व्हिसला २० लाखांची, आणि मालाची ती मर्यादासुद्धा तुम्ही आपल्याच राज्यात विकत असाल तोवरच. टॅक्स लागणारा माल राज्याबाहेर गेला की पहिल्या रुपयापासून रजिस्ट्रेशन. म्हणजे कोल्हापूरची बाई सात-आठशे किलोमीटरवर नागपूरला झबलं पाठवू शकते, काही लागत नाही, पण तेच झबलं शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेळगावला पाठवलं की तिला जीएसटी नंबर पाहिजे. गिऱ्हाईक मराठी, बोलणं मराठीत, पैसे यूपीआयने, कुरिअरवालाही नेहमीचाच, त्यामुळे यात काही वेगळं घडलंय असं मनातसुद्धा येत नाही हो.

मी सुरुवात केली तेव्हा ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या मोठ्या प्लॅटफॉर्मवर माल टाकायचा तर विक्री कितीही असो, जीएसटी नंबर सक्तीचा होता, म्हणून मी आपली इन्स्टा आणि व्हॉट्सॲपवरच राहिले. मग १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदलला. मर्यादेच्या आतले विक्रेते नुसत्या पॅनवर जीएसटी पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर घेऊन प्लॅटफॉर्मवर विकू शकतात, अट एवढीच की विक्री आपल्याच राज्यात. मी लगेच घेतला, छान चाललं होतं. पण इकडे इन्स्टावरून बेळगाव, पणजी, इंदूर अशा ऑर्डरी येत होत्या आणि त्या मी पाठवत होते, कारण माझ्या डोक्यात राज्याची अट फक्त प्लॅटफॉर्मपुरती होती. इन्कम टॅक्सचे कागद द्यायला सीएच्या ऑफिसात गेले तेव्हा तिथल्या मुलीने सहज विचारलं, ताई हे बाहेरचे पत्ते कसे काय? तोवर अकरा पार्सलं गेलेली. मग नंबर काढला.

आता माझा मुद्दा. घरी बसून लोगो बनवणारी किंवा ऑनलाइन क्लास घेणारी माझी मैत्रीण २० लाखांपर्यंत देशात कुठेही काम देते, तिला नंबर लागत नाही, सर्व्हिसला ही सवलत २०१७ पासूनच आहे. हाताने बनवलेल्या ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंनाही राज्याबाहेर विकायला तशीच सूट आहे. मग मशीनवर शिवलेल्या झबल्याने काय पाप केलं? जिथे माल वापरला जातो त्या राज्याला टॅक्स मिळायला पाहिजे म्हणून हा नियम, असं सांगतात. ठीक आहे, पण क्लासची फी कर्नाटकातून आली तर तिथल्या राज्याचं नुकसान होत नाही आणि २५० रुपयांच्या झबल्याने होतं, हे मला तरी पटत नाही.

नंबर काढला की विषय संपला असंही नाही. राज्याबाहेर विकणाऱ्याला कंपोझिशन स्कीम (छोट्यांनी विक्रीवर ठरावीक टक्का भरायची सोपी योजना) मिळत नाही, त्यामुळे १ टक्का भरून मोकळं व्हायचा रस्ता बंद. रिटर्न भरावंच लागतं, एक रुपयाची विक्री नसली तरी, आणि विसरलं की शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये लेट फी. मे महिन्यात मशीन बंद ठेवून गावाला गेले होते तेव्हा मी भरलीये ती. फायदा म्हणाल तर कापडावरच्या आणि प्लॅटफॉर्मच्या कमिशनवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपल्या भरायच्या टॅक्समधून वजा होतो, ते नाकारत नाही.

अजून एक घोळ सगळ्याजणी करतात. उलाढाल म्हणजे बँकेत आलेले पैसे असं धरतात. ५०० ला विकलं, कमिशन आणि शिपिंग कापून ३७० आले, तर उलाढाल ५०० चीच. इन्कम टॅक्सलाही विक्री ५०० दाखवायची आणि कापलेले पैसे खर्चात टाकायचे, कारण प्लॅटफॉर्म तिकडे ५०० च कळवतो आणि मग आकडे जुळले नाहीत की नोटीस. शिवाय प्लॅटफॉर्म दोन वेगवेगळे पैसे कापतो. इन्कम टॅक्सचा टीडीएस (आपले पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स) आधी १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला, आणि वर्षाला ५ लाखांच्या आत विकणाऱ्याने पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर तोही कापत नाहीत. दुसरा जीएसटीचा टीसीएस (विक्रीवर प्लॅटफॉर्मनेच आपल्या नावावर गोळा केलेला टॅक्स), तो जुलै २०२४ पासून अर्धा टक्का, आणि तो पोर्टलवर जाऊन स्वतः ॲक्सेप्ट केल्याशिवाय आपल्या खात्यात दिसत नाही. आपलेच पैसे, पण ग्रुपमधल्या निम्म्याजणींनी कधी बघितलेलेच नाहीत.

जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या तेव्हा काहींनी क्यूआर कोड काढून "फक्त कॅश" अशा पाट्या लावल्या होत्या. घाबरलेला माणूस असंच करणार. नियम आधी कळला असता आणि झेपण्यासारखा असता तर कशाला लपवला असता कुणी?

३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने (जीएसटीबद्दल निर्णय घेणारी केंद्र आणि राज्यांची परिषद) प्लॅटफॉर्मवरून अनेक राज्यांत विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांसाठी सोप्या रजिस्ट्रेशनला तत्त्वतः मंजुरी दिली. चांगलं आहे. पण इन्स्टावर ऑर्डर घेऊन कुरिअरने पाठवणारीचं काय? हस्तकलेला दिली तशीच २० लाखांची सूट तिलाही द्या, पाहिजे तर पॅन घ्या, राज्याबाहेरच्या विक्रीचा वर्षाला एक साधा हिशेब मागा, देऊ की आम्ही.

आणि तुमच्या पेपरात जागा असेल तर एवढं मात्र जरूर छापा की जीएसटी रजिस्ट्रेशनला सरकारी फी एक रुपयाही नाही. आमच्या ग्रुपमधल्या एकीने एजंटला "गव्हर्मेंट फी" म्हणून ५ हजार दिलेत आणि पावती अजून मागतेय.

आपली,
एक वाचक (आणि छोटी विक्रेती)