इंद्रावतीला जानेवारीतच जाऊ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इंद्रावती दुथडी भरून वाहताना बघायची म्हणून श्रावणात गडचिरोलीतल्या भामरागडला जाऊ, असं तू लिहिलंयस. तुझी ओढ कळते मला, पण श्रावण नको. पर्लकोटा नदीच्या पुरानं आजवर कितीतरी पावसाळे भामरागडचा रस्ता तोडलाय. पलीकडच्या गावांतला आजारी माणूस दवाखान्यात कसा पोचवायचा, या घोरात तिथली माणसं असताना आपण पूर बघायला जायचं? मला ते पटत नाही.

जानेवारीत जाऊ. पाणी उतरलेलं असतं, वाळू उघडी पडते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती जिथे भेटतात तिथे काठावर निवांत बसता येईल. ओडिशातल्या कालाहंडीत उगम पावलेली, बस्तरात चित्रकोटला कड्यावरून कोसळलेली ही नदी इथे येते ती दोन राज्यांची हद्द होऊन. समोरचा काठ छत्तीसगडचा. पुढे सिरोंचा तालुक्यात सोमनूरला ती गोदावरीला मिळते. तिथवरही जाऊ, पण घाईनं नाही. संगमावर तीन दिवस राहायचेच, हा माझा हट्ट समज.

एक गोष्ट मनात घर करून आहे. इथे भोपालपट्टणमला इंद्रावतीवर आणि खाली इंचमपल्लीला गोदावरीवर मोठी धरणं बांधायचे बेत होते. १९८० च्या दशकात आदिवासी आणि बाबा आमटे त्याविरुद्ध उभे राहिले. ती धरणं झाली असती तर इथल्या माडिया आदिवासींची किती गावं, किती रान पाण्याखाली गेलं असतं! म्हणून त्या वाळूत उभं राहताना मला नुसतं निसर्ग बघायला आल्यासारखं वाटणार नाही.

बल्लारपूरला गाडीतून उतरू, मग आष्टीवरून आल्लापल्ली. तिथून भामरागडजवळच्या हेमलकशापर्यंत साठेक किलोमीटर सगळं रानच. आदिवासींसाठी १९७३ पासून चाललेला लोकबिरादरी प्रकल्प तिथेच आहे. आधी विचारूनच जाऊ, तिथल्या दवाखान्यात रोगी असतात. मच्छरदाणी विसरू नकोस, गडचिरोलीत हिवतापाचा त्रास फार. काठानं कुठवर जायचं ते गावकरी आणि वनखातं सांगेल तसं. आणि कुणी भेटलं की आधी ‘जोहार’ म्हणायचं, कॅमेरा नंतर.

दिवाळीआधी रजेचं कळव, म्हणजे तिकिटं काढतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र