अर्थमंत्री महोदया, नव्या बँका जोडण्याआधी जुन्या जोडणीचा हिशेब द्या

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बाजारपेठेतल्या शाखेच्या शटरवर गेल्या आठवड्यात कागद लागला: ‘ग्राहकांच्या सोयीसाठी ही शाखा जवळच्या शाखेत समाविष्ट करण्यात येत आहे.’ जवळची शाखा चौदा किलोमीटरवर आहे आणि तिकडे दिवसाला दोन एसट्या जातात. सोय कोणाची, ते कागदावर नाही. बँकेचे नाव लिहीत नाही, कारण असा कागद कोणत्याही विलीन झालेल्या सरकारी बँकेचा असू शकतो. आणि नेमकी आताच दिल्लीत पुन्हा ‘मोठ्या, जागतिक दर्जाच्या’ बँकांची भाषा सुरू झाली आहे.

३० ऑगस्ट २०१९ ला आपण दहा सरकारी बँकांच्या चार केल्यात. पंजाब नॅशनल बँकेच्या ११,४३७ शाखा होतील, ती देशात दुसरी होईल, असे अभिमानाने सांगितलेत. त्यातल्या किती पुढे बंद होतील, हा आकडा त्या दिवशीच्या सादरीकरणात नव्हता.

विलीनीकरणाला आमचा सरसकट विरोध नाही. एकाला भांडवल हवे असते, दुसऱ्याला बाजार. दोघांच्या शाखा एकाच चौकात असतील तर एक बंद करून भाडे वाचते. २००७ मध्ये आयसीआयसीआयने सांगली बँक घेतली ती शाखांच्या जाळ्यासाठी, आणि सांगली बँकेच्या ९२५ शेअरमागे आपले १०० शेअर देऊन. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्नवर सप्टेंबर २००६ मध्ये मोरेटोरियम, म्हणजे पैसे काढण्यावर बंधन, आले आणि महिनाभरात ती आयडीबीआयमध्ये गेली. तिथे ठेवीदारांचे पैसे अडकले होते, घाई समजण्यासारखी होती. पण सरकारी बँकांत विकणारेही तुम्ही आणि घेणारेही तुम्हीच. खासगी बँका आपसात विलीन होतात तेव्हा भागधारकांची मूल्याने दोन तृतीयांश संमती लागते. राष्ट्रीयीकृत बँकांना १९७० आणि १९८० च्या कायद्यांचे कलम ९ पुरते: योजना काढा, संसदेपुढे ठेवा, मोकळे व्हा. समोरच्याची कर्जाची पुस्तके उघडून पाहिल्यावर ‘आम्हाला नको’ म्हणायची मुभाच नसेल, तर त्या तपासणीला अर्थ काय?

देना बँकेचे पाहा. मे २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या निर्बंधांखाली, मार्च २०१८ ला थकीत कर्जे २२ टक्क्यांच्या आसपास. ती विजया बँकेसह १ एप्रिल २०१९ ला बडोदा बँकेत गेली. त्याआधी सरकारने बडोदा बँकेत ५,०४२ कोटींचे भांडवल घातले. म्हणजे भार पेलला तो या पैशाने, आणि कौतुक झाले ते विलीनीकरणाचे. दोन कर्जबाजारी भावांच्या सातबाऱ्याला एकत्र नावे लावली म्हणून कर्ज फिटत नाही, हे बांधावरच्या माणसाला कळते.

आता कामाचे बोलू. तिन्ही बँकांची कोअर बँकिंग प्रणाली, म्हणजे सगळ्या शाखांची खाती चालवणारे सॉफ्टवेअर, फिनॅकलच होती, म्हणून जोडणी सोपी जाईल असे सांगितले गेले. तरी विजया आणि देनाच्या ३,८९८ शाखांची खाती बडोदा बँकेच्या प्रणालीवर आणण्याचे स्थलांतर पुरे व्हायला डिसेंबर २०२० उजाडले, म्हणजे कागदावरच्या तारखेनंतर वीस महिने. कारण सॉफ्टवेअरचे नाव एक असले तरी आतली मांडणी प्रत्येक बँकेने आपापली केलेली असते: योजनांचे कोड, व्याज मोजण्याची पद्धत, खाते क्रमांकाची लांबी, शुल्काचे तक्ते. एकाच माणसाचे दोन बँकांत दोन ग्राहक क्रमांक. पॅन जुळते, नावाचे स्पेलिंग जुळत नाही. स्कॅन केलेली सही दुसऱ्याच खात्याला चिकटते. लॉकरचे करार, सोनेतारणाची पाकिटे, गहाणखते हे सगळे हातानेच तपासावे लागते. स्थलांतराच्या किमान दोन पूर्ण तालमी, रोजच्या बेरजांचा ताळा आणि बिघडले तर जुन्या प्रणालीवर परतण्याची तयारी, हे झाल्याशिवाय तारीख जाहीर होऊच नये. आपल्याकडे तारीख आधी ठरते. दहा बँकांच्या जोडणीची २०२० ची तारीखही १ एप्रिलच राहिली; आठवडाभरापूर्वी देश लॉकडाऊनमध्ये गेला होता, तरी हलली नाही.

आणि खातेदाराला काय कुणी सांगितले? दोन बँकांत पाच-पाच लाखांच्या ठेवी होत्या तेव्हा दहा लाखांना ठेव विमा होता. बँका एक झाल्या की संरक्षण एकूण पाच लाखांचेच. ज्येष्ठ नागरिकाचे दोन बँकांतले व्याज सुटे होते तेव्हा मर्यादेच्या आत होते. एकत्र झाले की लाखाच्या वर जाते आणि कर लागत नसल्याचा अर्ज वेळेत भरला नसेल तर टीडीएस कापला जातो. व्यापाऱ्याला दोन बँकांनी पन्नास-पन्नास लाखांची कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसे उचलायच्या कर्जाची मर्यादा, दिलेली असते. जोडणीनंतर साहेब म्हणतात, एका पार्टीला एवढे देत नाही. ऐन हंगामात मर्यादा निम्मी. त्यातले एक खाते थकीत असेल तर दुसरेही थकीत धरले जाते, कारण वर्गवारी कर्जदाराची होते, खात्याची नाही. शाखेचा आयएफएससी कोड बदलला की पगार परत जातो, नॅचने खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता फिरतो, आणि हप्ता फिरल्याचा दंड मात्र त्याच दिवशी कापला जातो. लाडक्या बहिणीचे दीड हजार आधारशी शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. ती कोणती, हे विचारायला बाई चौदा किलोमीटर जाणार. रोजगार बुडतो तो वेगळा. काउंटरवर मराठीत अर्ज दिला तर समोरचा अधिकारी तो उलटा-सुलटा करून पाहतो. त्याचीही चूक नाही, तो कालच परराज्यातून बदलून आला आहे आणि दोन बँकांच्या ज्येष्ठता यादीत आपण कुठे, हे त्यालाच ठाऊक नाही.

नोकऱ्या जाणार नाहीत, हे आश्वासन आपण पाळलेत. निवृत्त झालेल्यांच्या खुर्च्या रिकाम्या ठेवल्या की कुणालाच काढावे लागत नाही! तक्रार करा म्हणतात. आधी बँकेकडे, तीस दिवस थांबा, मग रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तोही ऑनलाइन किंवा टपालाने. किमान शिल्लक नाही म्हणून सरकारी बँकांनी २०२४ पर्यंतच्या पाच वर्षांत सुमारे साडेआठ हजार कोटी गोळा केले, ही माहिती संसदेतच दिली गेली. गरिबाच्या खात्यातून दंड कापताना कोणतीही प्रणाली अडखळली नाही. मोठे कर्ज निर्लेखित करताना, म्हणजे वहीतून काढून टाकतानाही नाही. ती अडखळते फक्त पेन्शनला. मोठी बँक म्हणजे जिच्या दारात आम्ही लहान होतो ती, असेच आता वाटू लागले आहे.

मागणी एवढीच. २०१७ पासूनच्या प्रत्येक विलीनीकरणाचा बँकनिहाय हिशेब संसदेपुढे ठेवा: किती शाखा बंद झाल्या, किती पदे रिकामी आहेत, खर्च किती वाचला आणि स्थलांतरावर किती गेला. पाच किलोमीटरच्या आत दुसरी शाखा नसेल तर शाखा बंद करण्यास मनाई करा. जोडणीनंतर वर्षभर फिरलेल्या हप्त्यांवर दंड नको, आणि विमा मर्यादा कमी होणाऱ्या प्रत्येक ठेवीदाराला ९० दिवस आधी लेखी, मराठीत, कळवा. मुदतीआधी ठेव मोडली तर दंड माफ. जिल्ह्यागणिक एक जबाबदार अधिकारी नेमा, ज्याचा फोन उचलला जाईल. हे होईपर्यंत पुढची तारीख जाहीर करू नका.

आपला,
एक खातेदार