सी पो म्हणजे व्हय की

सांतियागो, चिली
१४ जून

प्रिय वैजू,

तुझा आवाज काल रात्री ऐकला. तू बोललीस तेव्हा तुझ्याकडे पहाटेचे साडेपाच आणि माझ्याकडे आदल्या रात्रीचे आठ. मागं कोंबडा आरवत होता, काकू बंबात लाकडं घालता घालता तुला हाका मारत होत्या, आणि तू विचारलंस, "तिथलं बोलायला शिकलीस का गं, का अजून खुणाच चालल्यात?" मी तीन वेळा रेकॉर्ड करायला गेले आणि तिन्ही वेळा पुसून टाकलं. एवढ्याशात मावणारं नाही ते. म्हणून आज सुट्टी बघून लिहायलाच बसले.

बाहेर कडाक्याची थंडी आहे. इथं जून म्हणजे हिवाळा. खिडकीतून अँडीज दिसतो, पण धुरकं इतकं की कधी कधी आठ-आठ दिवस तो आहे हेच विसरायला होतं. मग पाऊस पडून जातो आणि सकाळी पडदा सारला की बर्फाचा अख्खा डोंगर रस्त्याच्या टोकाला उभा! खोलीत माझी शेगडी पेटलेली आहे. इथं घरोघरी रॉकेलच्या शेगड्या आहेत, रॉकेलला पाराफिना म्हणतात. पहिल्यांदा ती पेटवली तेव्हा त्या वासानं मला तुमच्या पडवीत नेऊन बसवलं. तुझी आजी स्टोव्हला पिन मारायची ना, तोच वास.

तर, शिकले. पण पुण्यात वर्गाला जाऊन जी स्पॅनिश शिकले होते ती नव्हे. ऑफिसात स्पॅनिशची गरजच पडत नाही. खोडदच्या दुर्बिणीवर होते तेव्हासारखंच इथंही आहे, दुर्बीण दूर अटाकामाच्या वाळवंटात आणि मी इथं आकड्यांसमोर. बरोबरचे लोक दहा देशांचे, सगळे इंग्रजीत बोलणार. त्यामुळे जे काही शिकले ते जिन्यात, बसमध्ये आणि बाजारात.

आमच्या गल्लीजवळ दर बुधवारी आणि शनिवारी फेरिआ भरते. आपला आठवडी बाजारच. अख्खा रस्ता बंद करतात, दोन्ही बाजूंना पालं ठोकतात, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडतात की घरात ऐकू येतं. ऑक्टोबरात आले तेव्हा पहिल्याच शनिवारी पिशवी घेऊन गेले. एका म्हाताऱ्या भाजीवाल्याकडं भोपळा होता. भोपळा म्हणजे करवतीनं कापावा लागतो एवढा, आणि फोड विकायला ठेवलेली. मी वर्गात घोटलेलं वाक्य म्हटलं, "हे केवढ्याला आहे, महाशय?" तो म्हणाला, "दो लुका, कासेरिता."

वैजू, मला एकही शब्द कळला नाही. बरं, "दो" कानावर पडलं ते सरळ हिंदीतलं दो! वाटलं, भास झाला. पुस्तकात दोनला "दोस" आहे. ही माणसं शब्दाच्या शेवटचा "स" गिळून टाकतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी गप्प उभी राहिले आणि हातातली दहा हजार पेसोंची निळी नोट पुढं केली. त्यानं माझ्याकडं पाहिलं. हसला नाही. नोट घेतली आणि सुटे पैसे माझ्या हातात न देता त्या भोपळ्याच्या पिवळ्या कापावर एकेक करून मांडले. एक लाल पाच हजाराची, मग तीन हिरव्या हजाराच्या. शेवटच्या हिरव्या नोटेवर बोट ठेवून, आपण लहान पोराला अक्षर दाखवतो तसं म्हणाला, "लुका." लुका म्हणजे हजार पेसो. नोटांना भोपळ्याचा रस लागला होता. मग त्यानं कोथिंबिरीची एक छोटी जुडी उचलून पिशवीत टाकली आणि म्हणाला, "यापा."

यापा म्हणजे वरचं. विकत घेतलेल्या मालावर न मागता मिळणारं. हा शब्द स्पॅनिश नाहीच, केचुआ भाषेतला आहे, इंका लोकांच्या. स्पॅनिश माणसं इथं यायच्या आधीपासूनचा. आपल्याकडं मावशी मिरच्यांवर कढीपत्ता टाकते तेव्हा आपण त्याला निराळं नाव कुठं देतो? इथं त्याला नाव आहे. आणि कासेरा म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक, कासेरिता हे त्याचंच लाडाचं रूप. गंमत अशी की गिऱ्हाईकही विकणाऱ्याला कासेरोच म्हणतं. दोघं एकमेकांना त्याच नावानं हाक मारतात. मी तर पहिल्यांदाच आले होते, पण त्यानं मला नेहमीची ठरवूनच टाकलं. अजून त्याच्याचकडे जाते.

आता तो शब्द, ज्याच्यासाठी हे पत्र आहे.

इथं प्रत्येक वाक्याच्या शेपटाला "पो" असतो. सी पो. नो पो. या पो. मूळचा पुस्तकी शब्द "पुएस", तो झिजून झिजून एवढाच उरला. त्याचा अर्थ काय, म्हणून ऑफिसातल्या एका चिलीच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, काही अर्थ नाही, आम्ही नुसतंच म्हणतो. आणि मग घाईघाईनं, "तू हे शिकू नकोस. आम्ही चिलीचे लोक वाईट स्पॅनिश बोलतो." हे वाक्य मी इथं किती जणांकडून ऐकलं असेल! टॅक्सीवाला, बँकेतली बाई, शेजारच्या आजी. सगळे आधी माफी मागतात.

पण अर्थ मला कळला होता गं. जिन्यात दोन पोरं भांडत होती. एक म्हणतंय, चल. दुसरं म्हणतंय, नाही. पहिलं पाय आपटून ओरडलं, "या पो!" आणि माझ्या डोक्यात स्पॅनिशचा स सुद्धा न येता थेट उमटलं, "चल की!" सी पो म्हणजे "व्हय की". नो पो म्हणजे "न्हाय की". आपला "की", पाटणचा. प्रमाण मराठीत त्याला नेमकी जोड मला तरी सापडत नाही. "हो ना" म्हटलं तर त्यात थोडी सहमती मागितल्यासारखं होतं. "व्हय की" मध्ये मागणं नाही, त्यात "हे काय विचारायचं झालं?" असं आहे. पो अगदी तसाच.

त्या रात्री मला झोप आली नाही. तुला आठवत असेल, मी पुण्याला शिकायला गेले त्या पहिल्या दिवाळीत घरी आले होते. हॉस्टेलवर मी "व्हय" म्हटलं की खोलीतल्या मुली एकमेकींकडं बघायच्या. पंधरा दिवसांत मी ते सोडलं. आणि दिवाळीत तुमच्या ओट्यावर बसून तुलाच म्हणाले, "व्हय काय गं, हो म्हणावं." तू काही बोलली नाहीस. फराळाचं ताट पुढं सरकवलंस. पण त्यानंतर दोन-तीन वर्षं तू माझ्याशी बोलताना जपून बोलायचीस, ते मला कळत होतं आणि मी कळू दिलं नाही. वैजू, ते चुकलं माझं. एवढी वर्षं झाली, पण ते बोलायचं राहिलं होतं. जिन्यातल्या त्या पोरांमुळं बोलता आलं.

इथंही हेच झालंय. आंद्रेस बेय्यो नावाचा मोठा विद्वान होता, जन्म काराकासचा, पण चिलीच्या विद्यापीठाचा पहिला रेक्टर तोच. १८४७ मध्ये त्यानं स्पॅनिशचं व्याकरण लिहिलं. इथले लोक "तू"च्या जागी "वोस" म्हणायचे ते त्याला खपायचं नाही. मग शाळा-शाळांतून वोस हद्दपार केला. आज त्याचं चित्र वीस हजारांच्या नोटेवर आहे. आणि लोकांनी काय केलं असेल? वोस सोडला, पण त्याचं क्रियापद ठेवून दिलं! म्हणजे तोंडानं "तू" म्हणतात आणि क्रियापदाला शेवट लावतात वोसचा. "काचाइ?" म्हणजे "कळलं का?" हा त्यातलाच, दिवसातून पन्नासदा ऐकू येतो. बोलताना नुसता वोस वापरला तर मात्र उद्धट वाटतं. आपल्याकडं कुणाला अरे-तुरे चालतं आणि कुणाला नाही, हे कुणी वहीत लिहून देतं का? इथंही तसंच. मी ठरवून टाकलंय, समोरच्यानं माझ्याशी जो शब्द वापरला तोच मी त्याच्याशी वापरायचा, त्याच्या आधी नाही. मित्र मित्राला ज्या शब्दानं हाक मारतात तो एक आहे, कोल्हापूरकडं शिवी घालून गळ्यात पडतात तसला. तो अजून मला कुणी दिलेला नाही, मीही उच्चारत नाही.

शेजारच्या आजींचं सांगते. त्या मला "मिहिता" म्हणतात, म्हणजे माझी पोर, आणि त्याच वाक्यात "तुम्ही" लावतात. "पोरी, तुम्ही जेवलात का?" असं. इतकं गोड वाटतं! संध्याकाळी सहा-सातला त्या मला ओन्सेला बोलावतात. ओन्से म्हणजे अकरा, पण तो असतो संध्याकाळचा चहा. अकरा का म्हणतात याच्या इथं तीन-चार गोष्टी सांगतात, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. चहा, कडक सालीचा मार्राकेता पाव, आणि त्यावर काट्यानं चेचलेली पाल्ता, म्हणजे आवोकादो, वर मीठ. बऱ्याच घरांत रात्रीचं जेवण हेच. चहालासुद्धा नुसतं चहा म्हणत नाहीत, लाडानं "तेसितो" म्हणतात, चहुला म्हण हवं तर.

मागच्या महिन्यात आम्ही अशाच बसलो होतो आणि कपबशी किणकिणायला लागली. मग दिवा हलला. मला तो आवाज ओळखीचा, तुला तर सांगायलाच नको. भांड्यांच्या फळीचा तो बारीक खुळखुळाट, मग जमिनीखालून ट्रक गेल्यासारखं. आजी किटली हातात धरून थांबल्या, माझ्याकडं बघत. मी घाबरीन, धावीन असं त्यांना वाटलं असणार. मी कप बशीवर दाबून धरला आणि बसून राहिले. थांबलं, तेव्हा म्हटलं, "या पासो." झालं, गेलं. त्यांनी चहा ओतला आणि विचारलं, तुमच्याकडं होतात का भूकंप?

मग मी त्यांना कोयनेचं सांगितलं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, तुझी आजी पोरं काखेत मारून अंगणात आली आणि मागं भिंत बसली, ते सगळं. आणि आपण लहानपणी धक्का बसला की पुस्तकातून मान वर न काढता "आला" म्हणायचो, तेही. मोडकंतोडकं सांगितलं, पण त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. १९६० मध्ये वाल्दिव्हियाला झाला तो ९.५ चा, जगात आजवर मोजलेला सगळ्यात मोठा. त्या तेव्हा लहान होत्या, खूप दूर होत्या, तरी आई पाण्याच्या बादलीकडं बघत राहिल्याचं त्यांना आठवतं. आणि २०१० चा, २७ फेब्रुवारीचा, ८.८ चा. तोही आपल्या कोयनेसारखा पहाटेच. इथं जे हलतं त्याला सगळे तेम्ब्लोर म्हणतात, नुसता हादरा. तेर्रेमोतो हा शब्द राखून ठेवलाय. घरं पडली तरच तो काढायचा.

निघताना मी म्हटलं, उद्या येऊ का? तर त्या म्हणाल्या, "सी पो." मला पहिल्यांदा म्हणाल्या. एरवी माझ्याशी त्या सावकाश, शाळेतल्यासारखं बोलायच्या. मी दारातच थांबून त्यांना सांगितलं की आमच्या गावाकडं याला "व्हय की" म्हणतात. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. आता सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना मी दिसले की तिकडून आवाज देतात, "व्हय की!" उच्चार अगदी काकूंसारखा, विश्वास ठेव.

त्यांनी एक विचारलंय आणि ते मला जमेना. तुमच्या बाजारात भाजीवाले काय ओरडतात? मी करून दाखवायला गेले तर घशातून पुण्याचं निघालं. तेव्हा पुढच्या बाजाराला जाशील तेव्हा फोन पिशवीत चालू ठेव. वांगीवाल्याचा आवाज येऊ दे, आणि तू भाव करताना जे बोलशील ते सगळं. काही निवडू नकोस, जसं आहे तसं पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
सुमी